फोटोच्या कामासाठी लॅपटॉप घेताय? ठराव लिहिण्याआधी हे वाचा



गेल्या दोन महिन्यांत माझ्याकडे तीन गटांचे कर्जमागणी अर्ज आले. तिन्ही अर्जांत कारण एकच लिहिलेलं: "फोटो एडिटिंगसाठी लॅपटॉप". कुणाला मसाल्याच्या पाकिटाचं लेबल घरीच करायचंय, कुणाला गावात पासपोर्ट फोटो काढून द्यायचेत, तर एका ताईंच्या मुलीला बारशाचे, डोहाळेजेवणाचे अल्बम बनवायचेत. कल्पना तिन्ही चांगल्या आहेत. पण अर्जाच्या खाली "कोणता लॅपटॉप?" या रकान्यात तिघींनीही लिहिलंय, "चांगल्या कंपनीचा".

हे वाचून मला धस्स झालं. कारण मागच्या वर्षी आपल्याच एका गटाने असाच "चांगल्या कंपनीचा" लॅपटॉप घेतला होता. त्या सभेला मी हजर होते. मी एमएसडब्ल्यू केलंय, दोन वर्षं लॅपटॉपवर प्रोजेक्ट टाइप केलेत, म्हणून सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. त्या मान हलवण्याची किंमत गटाने भरली, म्हणून हा लेख.

काय झालं होतं?

तो गट हळद आणि मिरची पावडरीचा. दहा जणी. तालुक्याच्या एका दुकानातून त्यांनी ३१ हजारांचा नवाकोरा लॅपटॉप आणला. दुकानदार म्हणाला, "ताई, एक टीबीची हार्ड डिस्क आहे, आयुष्यभर फोटो साठवा." सगळ्या खूश. सचिवताईंच्या मुलीने एमएस-सीआयटी केलेलं, ती काम बघणार होती.

पहिल्याच आठवड्यात कळलं की फोटोचं सॉफ्टवेअर उघडायलाच सात-आठ मिनिटं लागतात. दोन फोटो एकदम उघडले की लॅपटॉप अडकतो. दाखल्यासाठी फोटो हवा म्हणून आलेलं गिऱ्हाईक अर्धा तास बसून उठून गेलं.

दुसरा प्रकार जास्त महागात पडला. लॅपटॉपच्या पडद्यावर हळदीचा फोटो फिका, मेलेला दिसायचा. मुलीने बिचारीने पिवळा आणि लाल रंग वाढवत नेला, पडद्यावर खरा दिसेपर्यंत. त्याच फाइलवरून १,००० लेबलं छापून आणली. छापून आली तेव्हा हळद नारिंगी आणि मिरची भडक लाल! प्रदर्शनात दोन बायकांनी पाकीट हातात घेऊन विचारलं, "यात रंग घातलाय का हो?" ज्या गटाने आजवर चिमूटभर रंग वापरला नाही, त्यांना हे ऐकावं लागलं. अध्यक्षकाकू त्या दिवशी जेवल्या नाहीत.

दुकानदाराने लॅपटॉप परत घेतला नाही. त्याच्या दृष्टीने तो बिघडलेला नव्हताच. आणि खरंच नव्हता. तो पत्र टाइप करायला, हिशेब ठेवायला ठीक होता. फोटोच्या कामाचा नव्हता, एवढंच. चूक आपली होती, कारण काय विचारायचं तेच आपल्याला ठाऊक नव्हतं.

आधी स्वतःला विचारा: लॅपटॉप लागतो का?

तुम्हाला फक्त पापड-लोणच्याचे फोटो उजळ करून व्हॉट्सअॅपवर टाकायचे असतील, तर कर्ज काढू नका. हातातल्या मोबाइलवर स्नॅपसीड हे अॅप फुकट आहे. उजेड वाढवणं, कडा कापणं, मागचा पसारा काढणं, एवढं त्यात नीट होतं. साधं लेबल किंवा बॅनरसुद्धा कॅनव्हावर मोबाइलवरून जमतं.

लॅपटॉप कधी लागतो? पासपोर्ट फोटोची शीट रोज छापायची असेल, अल्बमची मोठी पानं जुळवायची असतील, कॅमेऱ्याने काढलेले दोनशे-तीनशे फोटो एका कार्यक्रमाचे दुरुस्त करायचे असतील, किंवा छापखान्याला नेमक्या मापाची फाइल द्यायची असेल, तर. म्हणजे फोटो हे रोजच्या कमाईचं काम असेल, तर.

लॅपटॉपच्या पोटात काय असतं?

दुकानात चार शब्द कानावर पडतात: रॅम, एसएसडी, प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड. घाबरू नका. आपल्या स्वयंपाकघरावरून समजून घेऊ.

रॅम म्हणजे ओटा. ओटा मोठा असेल तर कणीक, भाजी, पोळपाट सगळं एकदम मांडता येतं. ओटा वीतभर असेल तर एक उचलायचं, दुसरं ठेवायचं, यातच वेळ जातो. फोटोच्या कामाला ओटा मोठाच लागतो. का ते आकड्यात सांगते. अल्बमचं १२ बाय १८ इंची पान चांगलं छापायचं तर प्रत्येक इंचात ३०० ठिपके लागतात. म्हणजे ३,६०० गुणिले ५,४००, जवळजवळ दोन कोटी ठिपके. एका ठिपक्याला लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे. एका पानाचे झाले साधारण ५८ एमबी. त्यावर फोटो, नाव, नक्षी, चौकट असे पाच थर चढवले की २९० एमबी. सॉफ्टवेअर मागच्या पायऱ्याही लक्षात ठेवतं, म्हणजे "चुकलं, मागे जा" म्हणता येतं. त्याला आणखी जागा. ४ जीबी रॅम असेल तर त्यातली निम्म्याहून जास्त विंडोज स्वतःच खातं. मग आपल्या कामाला ओटा उरतो कुठे?

म्हणून लिहून ठेवा: ४ जीबी अजिबात नको. ८ जीबी म्हणजे कसंबसं. १६ जीबी असेल तर निश्चिंत. फोटोशॉप बनवणारी कंपनीसुद्धा किमान ८ आणि शिफारस १६ जीबीची करते. आत्ता ८ चाच परवडत असेल तर दुकानदाराला एक प्रश्न नक्की विचारा: "रॅम नंतर वाढवता येईल का, रिकामा स्लॉट आहे का?" काही पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावर पक्की चिकटवलेली असते. ती कधीच वाढत नाही.

एसएसडी आणि हार्ड डिस्क म्हणजे कोठी. फरक असा, की जुन्या पद्धतीच्या हार्ड डिस्कमध्ये चकती फिरते आणि सुई हलून सामान शोधते. एसएसडीमध्ये फिरणारं काही नसतं, सामान लगेच हातात येतं. धक्का लागला तरी तिला हार्ड डिस्कपेक्षा कमी भीती. आपल्या त्या गटाला "एक टीबी" ऐकून आनंद झाला, पण ती होती हार्ड डिस्क. कोठी मोठी, पण दार गंजलेलं! ५१२ जीबीची एसएसडी घ्या. जुने फोटो ठेवायला नंतर बाहेरची वेगळी हार्ड डिस्क घेता येते, ती घ्यावीच.

प्रोसेसर म्हणजे काम करणारे हात. इंटेलचा आय५ किंवा एएमडीचा रायझन ५, किंवा त्यांच्या तोडीचा नवा प्रोसेसर, आपल्या कामाला पुरतो. सेलेरॉन, पेंटियम, अॅथलॉन अशी नावं दिसली तर पुढे चला. फक्त "आय५ आहे" एवढ्यावर भुलू नका. आय५ दहा वर्षांपूर्वीही होता. पुढचा आकडा बघा. आय५-१२३५यू म्हणजे बारावी पिढी, आय५-८२५०यू म्हणजे आठवी. नव्या लॅपटॉपवर आता "कोअर ५", "कोअर अल्ट्रा ५" अशीही नावं येतात, तीही चालतात.

ग्राफिक्स कार्ड. दुकानात यावर फार जोर देतात, कारण त्याने किंमत वाढते. मोठे खेळ खेळायचे किंवा व्हिडिओचं भारी काम करायचं तर वेगळं कार्ड हवं. आपल्या फोटोच्या कामाला नव्या प्रोसेसरमध्ये आधीच असलेलं ग्राफिक्स चालून जातं. ते पैसे रॅम आणि स्क्रीनवर घाला.

स्क्रीन: इथेच आपली हळद बिघडली

बहुतेक जणी स्क्रीन किती इंची ते विचारतात. ती रंग कसे दाखवते हे कुणी विचारत नाही. फोटोच्या कामात खरं तर हेच पहिलं बघायला हवं.

स्वस्त लॅपटॉपच्या माहितीत बारीक अक्षरांत "४५ टक्के एनटीएससी" लिहिलेलं असतं. अशी स्क्रीन नेहमीच्या रंगांपैकी तिसऱ्या हिश्श्याहून जास्त रंग दाखवूच शकत नाही. म्हणून तिच्यावर सगळं फिकट दिसतं आणि आपण उगाच रंग ओतत बसतो. आपल्याला हवं "१०० टक्के एसआरजीबी" किंवा त्याच्या जवळचं. सोबत "आयपीएस" आणि "फुल एचडी" हे शब्द असावेत. आयपीएस म्हणजे बाजूने बघितलं तरी रंग बदलत नाही.

माहितीचा कागद नसेल तर ही युक्ती करा. दुकानात जाताना पेन ड्राइव्हमध्ये आपल्या मालाचा एक फोटो न्या आणि पिशवीत तेच पाकीट न्या. फोटो स्क्रीनवर मोठा करा, पाकीट शेजारी धरा. हळद हळदीसारखी दिसते का? मग डावीकडून, उजवीकडून, वरून, खालून बघा. रंग पालटत असेल तर तो लॅपटॉप आपला नाही. दुकानदार हसला तर हसू द्या. कर्ज आपण फेडणार आहोत.

स्क्रीन कितीही चांगली असली तरी एक नियम मोडायचा नाही: आधी एक प्रत छापून बघायची, उन्हात नेऊन मालाशी ताडायची, मगच हजार छापायच्या.

सॉफ्टवेअर: फुकटचं, भाड्याचं आणि चोरीचं

फोटोशॉप आता एकदाच पैसे भरून कायमचं मिळत नाही, दर महिन्याला किंवा वर्षाला भाडं भरावं लागतं. सुरुवातीला त्याची गरज नाही. गिम्प नावाचं सॉफ्टवेअर पूर्ण मोफत आहे, १९९६ पासून लोक वापरतायत. पासपोर्ट शीट, लेबल, जुना फोटो साफ करणं, सगळं त्यात होतं. फोटोपी हे तर इंटरनेटवर थेट चालतं, फोटोशॉपची फाइलही उघडतं, पण त्याला नेट लागतं.

"मॅडम, फोटोशॉप फुकटात टाकून देतो" असं कुणी म्हटलं तर नको म्हणा. ते चोरीचं असतं. त्यासाठी आधी व्हायरसपासून वाचवणारी सोय बंद करतात आणि मग नेमका त्याच दारातून चोर आत येतो. त्याच लॅपटॉपवर गटाचं बँकेचं काम असतं, हे विसरू नका.

आणखी एक, आपल्या भाषेचं. सॉफ्टवेअर उघडून "मिरची", "किंमत", "श्रीकृष्ण" असे शब्द युनिकोडमध्ये टाइप करून बघा. फोटोशॉपमध्ये योग्य सेटिंग निवडलेलं नसेल तर वेलांटी चुकीच्या अक्षरावर बसते, जोडाक्षर फुटतं. दोष लॅपटॉपचा नसतो, टाइपच्या सेटिंगमध्ये भारतीय लिप्यांचा पर्याय निवडला की अक्षरं नीट बसतात. पण हे माहीत नसेल तर मुलगी आठवडाभर रडते.

जुना लॅपटॉप घ्यावा का?

घेता येतो. मोठ्या ऑफिसातले वापरलेले लॅपटॉप दुरुस्त करून विकतात, त्याला रिफर्बिश्ड म्हणतात. काही खरंच मजबूत असतात. पण एक अट: इंटेल असेल तर आठव्या पिढीच्या आधीचा नको. विंडोज १० ला मिळणारा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ साधारणपणे आठव्या पिढीपासून पुढेच रीतसर चालतं. त्याहून जुना म्हणजे आज स्वस्त आणि उद्या डोकेदुखी. बॅटरी किती वेळ टिकते ते दुकानातच चार्जर काढून तासभर बघा. आपल्याकडे लाइट कधी जाईल सांगता येत नाही, लॅपटॉप घेण्याचं निम्मं कारण तर तेच आहे. लेखी वॉरंटी नसेल तर व्यवहार करू नका.

दुकानात दोन मिनिटांत तपासणी

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्स निवडा. तिथे प्रोसेसरचं पूर्ण नाव दिसतं. मेमरीवर गेलं की रॅम किती आणि किती स्लॉट भरलेत ते दिसतं. डिस्कसमोर एसएसडी की एचडीडी ते लिहिलेलं असतं. दुकानदाराचं तोंड काही बोलो, हा पडदा खरं बोलतो. या पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

हप्ता निघेल का? हिशेब मांडू

किमती सारख्या बदलतात, म्हणून उदाहरणासाठी ४८,००० धरू. गटातून महिना १ टक्का व्याजाने, २४ महिन्यांसाठी. मुद्दल दर महिन्याला २,०००. पहिल्या महिन्याचं व्याज ४८०, म्हणजे पहिला हप्ता २,४८०. पुढे शिल्लक मुद्दलावर व्याज कमी होत जाईल. दोन वर्षांत एकूण व्याज ६,०००.

आता कमाई. ४ बाय ६ इंची कागदावर साडेतीन बाय साडेचार सेंटिमीटरचे ८ फोटो बसतात. कागद, शाई आणि वीज वजा जाता एका शीटमागे ४० रुपये उरले असं धरू. तर २,४८० चा हप्ता फेडायला महिन्याला ६२ शीट, म्हणजे रोज दोन गिऱ्हाइकं. तुमच्या गावात रोज दोघांना फोटो लागतो का? शाळा, बँक, सेवा केंद्र, पंचायत, इथे आठवडाभर विचारून बघा. प्रिंटर नसेल तर त्याचा खर्च वेगळा. मुलीची मजुरीही यात धरलेली नाही, ती धरा. मुलगी घरचीच आहे म्हणून तिचे कष्ट फुकट नसतात.

खरेदीची रीत

१. ठरावात फक्त "लॅपटॉप" लिहू नका. "१६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, आय५ किंवा रायझन ५, फुल एचडी आयपीएस स्क्रीन" असं लिहा.

२. तीन दुकानांची कोटेशन घ्या. लॅपटॉपवर १८ टक्के जीएसटी असतो, भाव त्यासह आहे का ते विचारा.

३. दुकानात तिघी जा. त्यात जी रोज काम करणार ती हवीच, मग ती वीस वर्षांची का असेना.

४. पैसे चेकने किंवा बँकेतून द्या. बिल गटाच्या नावाने घ्या, त्यावर सीरियल नंबर हवा.

५. तोच नंबर गटाच्या मालमत्ता नोंदवहीत लिहा. लॅपटॉप कुणाच्या घरी राहणार, बिघडला तर खर्च कुणाचा, हे त्याच सभेत ठरवा.

६. पासवर्ड ठेवा. आपल्याकडे बायकांचे, लेकीबाळींचे फोटो येतात. काम झालं की ते पुसायचे, गिऱ्हाइकाला विचारल्याशिवाय कुठेही टाकायचे नाहीत. गावात फोटोचा धंदा विश्वासावर चालतो.

त्या गटाचं पुढे काय झालं?

तो लॅपटॉप आम्ही फेकला नाही. सुदैवाने त्यात एक रॅमचा स्लॉट रिकामा निघाला. आणखी ८ जीबी रॅम बसवली, हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी घातली. साडेसहा हजार खर्च आला. आता सॉफ्टवेअर मिनिटभराच्या आत उघडतं. स्क्रीन मात्र तीच आहे, म्हणून मुलगी रंगाचं काम शेवटी मोबाइलवर ताडून बघते आणि एक प्रत छापून अध्यक्षकाकूंना दाखवते. काकू पाकिटाशेजारी कागद धरतात, उन्हात नेतात, आणि मान हलवली तरच पुढचं छापतं. त्या हजार लेबलांच्या कोऱ्या पाठीवर गट आता मिरची-हळदीच्या वजनाची नोंद ठेवतो.

मीही एक शिकले. सभेत सगळ्या माझ्याकडे बघतात तेव्हा माहीत नसलेल्या गोष्टीवर मान हलवायची नाही, "विचारून सांगते" म्हणायचं. तुम्हीही म्हणा. दुकानात, बँकेत, सभेत, कुठेही.

ज्या तीन गटांचे अर्ज आलेत, त्यांनी पुढच्या मासिक सभेला हा अंक आणि आपल्या मालाचं एक पाकीट घेऊन यावं. दुकानात जायच्या दिवशी मी सोबत येते.

तुमचीच,
क्षेत्र समन्वयक